सात ऋषी आकाशात असेपर्यंत

थोरलीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांत जास्त तिच्या नवऱ्याला. एकदा वाण्याशी वाजलं, तेव्हा ती तावातावानं म्हणाली होती, "वर्षभर साखरेला शिवणार नाही, जा!" राग वाण्यावर, शिक्षा साखरेला, आणि भोगलं नवऱ्यानं, कारण चहा दोघांचा एकाच पातेल्यात व्हायचा. देवाला दिलेला शब्द आणि माणसाला दिलेला शब्द यांत ती फरक करत नसे. ऐकणारा शेवटी एकच, असं तिचं म्हणणं.

घरची लाँड्री होती. खाली दुकान, मागे धुण्याची मोरी आणि यंत्र, वरच्या मजल्यावर दोन्ही भावांची बिऱ्हाडं, आणि त्याच्यावर गच्ची. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्याच दोऱ्या. थोरले सायकलवरून कपडे आणायचे-पोचवायचे. धाकटे यंत्र सांभाळायचे, म्हणजे ते बंद पडलं की त्याच्या पोटात डोकं घालून बसायचे. खरी लाँड्री चालवायच्या त्या दोघी जावा. थोरली इस्त्रीवर, धाकटी धुलाईवर. खळ किती पातळ शिजवायची, नीळ पाण्यात कधी सोडायची, हे सगळं धाकटीला थोरलीनंच हाताला धरून शिकवलेलं. दोघींचं जमायचंही छान. एक बोलायची आणि दुसरी ऐकायची; बोलणारी थोरली.

रोज संध्याकाळी सुकलेले कपडे खाली नेले की थोरलीचा एक नेम असे. गच्चीच्या उत्तरेच्या कठड्याशी उभं राहायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि सप्तर्षींना नमस्कार करायचा. डोळे मिटूनच. उघड्या डोळ्यांनी देवाकडे बघणं म्हणजे त्याची हजेरी घेणं, असं ती मानायची. ते आहेतच तिथे. बघायचं काय त्यात?

उन्हाळ्याच्या तोंडाला ती डॉक्टरांच्या कोटाची भानगड झाली. डॉक्टर कोट न्यायला आले, तर पांढऱ्याशुभ्र पाठीवर इस्त्रीचा तपकिरी तिकोनी डाग. धाकटी गल्ल्यावर होती. ती सरळ मनानं म्हणाली, "माफ करा डॉक्टर, आमच्या ताईंना जरा डुलकी लागली बघा."

डॉक्टर हसले. "लागू दे, लागू दे. मी तर पैसे घेऊन लोकांना झोप लिहून देतो, यांना फुकट मिळतेय!"

दुकानातली चार गिऱ्हाइकं खो-खो हसली. इस्त्रीमागे थोरलीचे कान इस्त्रीहून तापले.

त्या संध्याकाळी गच्चीवर तिनं धाकटीला गाठलं. "चारचौघांत माझी डुलकी काढलीस!"

"अहो ताई, खोटं काय सांगायचं? कोट यंत्रानं जाळला म्हणू?"

"मी झोपले नव्हते. डोळे मिटले होते."

"हो, आणि घोरत होतात."

झालं. ठिणगीच पडली. वर उत्तरेला सातही ऋषी ठसठशीत उगवून आले होते. थोरलीनं हात उंच केला. "हे सात जण साक्षी आहेत! हे आकाशात असेपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलेन तर नाव लावणार नाही!"

इतर कुणी म्हटलं असतं तर रात्रीतून निवळलं असतं. पण ही थोरली होती, आणि ऋषी काही कुठे जाणार नव्हते.

*

मग लाँड्रीत सुरू झाला अबोला. पण काम तर व्हायला हवं. थोरली इस्त्रीशी बोलू लागली. "काय गं इस्त्रीबाई, काही लोकांना कॉलर घासायला अजून शिकवायचं राहिलं का?" त्यावर धाकटी बादलीला म्हणायची, "बादलीबाई, काही लोकांना चष्मा लागला की स्वच्छ कॉलरही मळकी दिसते हो." लेकी बोले सुने लागे, तसं इस्त्रीला बोले आणि बादलीला लागे.

जे इस्त्रीतून जात नसे ते थोरल्यांमार्फत जाई. एक खाली आणि दुसरी गच्चीवर असली की खालून वर, वरून खाली. वाटेत ते निरोपाचे काटे काढून टाकत. "तिला सांगा, खळ म्हणजे काय गुळाचा पाक नव्हे, जरा हात आवरून घाल" याचं खाली पोचेपर्यंत "खळ पातळ कर म्हणतेय" एवढंच उरे.

"मी लाँड्रीत आहे की टपालात?" असं ते दिवसातून एकदा तरी विचारत.

दिवस गेले, महिने गेले. उन्हाळा सरला, पुढचा ऋतूही गेला, हवेत गारवा यायला लागला. थोरलीचा राग तर केव्हाच विरला होता. डाग निघून जावा आणि कापड तेवढं कडक राहावं तसं झालं होतं. पलंगपोसाची घडी घालताना पलीकडची दोन टोकं धाकटीच्या हातात असायची. दोघी जवळ येत, टोकं जुळत, बोटं लागत, आणि दोघी मुकाट्यानं लांब होत. थोरलीच्या पोटात इतकं बोलणं साठलं होतं की जेवायला जागा उरत नव्हती. पण शब्द तो शब्द.

आणि एक दिवस थोरल्यांनी निरोप आणला, तो मात्र काटे न काढता आणला.

"धाकटी जायचं म्हणतेय. नदीपलीकडे त्यांनी खोली बघितलीय, खाली दुकानाला जागा आहे. उद्या टेम्पो येणार."

थोरलीच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली. "आणि भाऊजी?"

"त्याला विचारतंय कोण? तो म्हणतो, यंत्राला तरी आवाज असतो, या घरात तोही नाही."

"मग सांगा तिला, राहा म्हणावं!"

"सांगितलं की. ती म्हणते, निरोप नको. ताईंनी एकदा समोर उभं राहून तोंडानं 'राहा' म्हटलं, तर राहीन."

थोरली उठली, मोरीच्या दाराशी गेली. धाकटी पाठमोरी टॉवेल पिळत होती. थोरलीनं ओठ उघडले, मिटले, आणि शेवटी हातातल्या इस्त्रीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "राहावं हो इस्त्रीबाई माणसानं!"

धाकटीनं टॉवेलाला आणखी एक पीळ दिला. "बादलीबाई, इस्त्रीला केलेला आग्रह आपण कशाला अंगावर ओढून घ्यायचा?"

*

त्या संध्याकाळी थोरली नेमासाठी गच्चीवर गेली, पण आज नुसता नमस्कार नव्हता. ऋषींची परवानगी मागायची होती. शब्द त्यांच्या साक्षीनं दिलेला, तर सुटकाही त्यांनीच द्यायला हवी. आणि परवानगी मागायची तर डोळ्यांत बघून मागायला हवी. अंधार चांगला पडल्यावर तिनं हात जोडले, आणि जन्मात पहिल्यांदा नमस्कार करताना डोळे उघडे ठेवले.

ऋषी नव्हते.

तिनं डोळे चोळले. ढग नाही, धुकं नाही. उत्तरेला सगळं स्वच्छ, आणि ज्यांना नमस्कार करायचा त्यांची जागा रिकामी. उजव्या हाताला जरा वर पाच तारे दिसले, तेही वाकडेतिकडे, पंगतीतून भांडून उठल्यासारखे. तिनं दोनदा मोजले. पाचच.

ती धडधडत खाली आली. "अहो, उठा! ऋषी पाचच राहिलेत! दोघं निघून गेले!"

थोरले जेवून नुकते आडवे झाले होते. "येतील गं. कुठे नळावर गेले असतील."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! आधी धाकटी निघाली, आता ते निघाले. माझ्याजवळ आता कुणी म्हणून थांबत नाही."

"तुझा चष्मा कधीचा आहे?" थोरले कुशीवर वळत म्हणाले.

एवढं बोलून ते घोरायला लागले, पण थोरलीला ते पटलं. सकाळी दुकान उघडायच्या आत ती समोरच्या चष्मेवाल्याच्या पायरीवर हजर. चष्मेवाला सडपातळ, नाकावर दोन चष्मे असलेला माणूस. एक जवळचं बघायला, दुसरा लांबचं. तिसरं बघायला त्याच्या माडीवर दुर्बीण होती, आणि त्या दुर्बिणीपायी त्याच्याकडे गिऱ्हाईक जायला बिचकायचं. चष्मा राहायचा बाजूला, तो ग्रहांवर घसरायचा.

"मला दोन ऋषी दिसेनासे झालेत," थोरली म्हणाली.

त्यानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिनं अगदी खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली, वर छापखान्याचं नावही वाचलं.

"डोळे तुमचे उत्तम आहेत. पाच तारे म्हणालात? वाकडे? अहो, ते वेगळंच नक्षत्र, शर्मिष्ठा!" चष्मेवाल्याचा चेहरा उजळला. "सप्तर्षी सध्या संध्याकाळी नसतातच मुळी!"

"नसतात? जातात कुठे?"

"बसा," तो म्हणाला, आणि ती बसायच्या आत त्यानं फिरतं स्टूल तिच्याखाली सरकवलं. "हा टेबलावरचा दिवा म्हणजे सूर्य. ही भिंतीवरची अक्षरं म्हणजे सप्तर्षी. आणि तुम्ही पृथ्वी."

"मी?"

"घट्ट धरा."

आणि त्यानं पृथ्वी फिरवली. दिवा समोर आला की दिवस, पाठीला गेला की रात्र, हे थोरलीला कळलं. मग त्यानं स्टूल दिव्याभोवती ढकलत नेलं आणि जागोजाग थांबवून परत फिरवलं. "बघा, थंडी सरायला लागली की संध्याकाळी ते ईशान्येला वर यायला लागतात. उन्हाळ्यात जेवणवेळी उत्तरेला उंच, अगदी ठळक. मग हळूहळू वायव्येकडे उतरत जातात. आणि या दिवसांत सूर्यामागोमाग तेही मावळतात, ते मध्यरात्रीनंतर पुन्हा ईशान्येला उगवतात. तुमचं नशीब बघा, पार उत्तरेच्या मुलखात राहत असतात, तर ते बारा महिन्यांत कधी मावळलेच नसते!"

थोरलीच्या अंगावर काटा आला. तिनं दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं, पदर खांद्यावरून घसरला होता, भिंत अजून फिरत होती. पण डोकं लख्ख झालं होतं. "म्हणजे आकाशात नसतात. नसतात म्हणजे बोलायला हरकत नाही! मी आत्ताच्या आत्ता जाऊन तिला..."

"आत्ता? आत्ता तर ऐन आकाशात आहेत ते."

"उन्हात?"

"दिवसाही असतातच. उजेडापुढे दिसत नाहीत, एवढंच."

थोरली दारातच थबकली. दिसत नाहीत तर नाहीतच म्हणायला काय हरकत आहे? मोह फार झाला. मग ती स्वतःशीच पुटपुटली, "दिसत नाही म्हणून नाही म्हटलं, तर उद्या देवालाही तेच म्हणावं लागेल." आणि हळू आवाजात तिनं विचारलं, "आज मावळतील कधी?"

"दिवेलागणीनंतर, शेवटचा तारा टेकला की. मीच येतो सांगायला. दुर्बीण घेऊन!"

*

टेम्पो दुपारीच आला. दिवेलागण अजून कुठल्या कुठे.

टेम्पोवाला उतरून म्हणाला, "चला, चला, मला अजून दुसरं भाडं आहे." धाकटे निमूटपणे एकेक नग बाहेर आणू लागले. थोरलीनं पदर खोचला. बोलायचं नव्हतं, पण हातांना काही नेम नव्हता.

पहिल्यांदा तिनं धाकटीच्या गाद्यांच्या खोळी काढून सरळ हौदात बुडवल्या. "अहो वहिनी!" धाकटे कळवळले. थोरली त्यांना म्हणाली, "भाऊजी, मळकं सामान घेऊन नव्या घरात जातात का कुणी?" मग बांधलेलं गाठोडं सोडून तिनं त्यातला एकेक कपडा इस्त्रीला घेतला. धाकट्यांचे बनियनही सोडले नाहीत. बनियनला खळ लावून इस्त्री केलेली त्या लाँड्रीनं पहिल्यांदाच पाहिली. पायपुसण्याची तिनं अशी घडी घातली की ते देव्हाऱ्यात ठेवावं.

धाकटी दारात हाताची घडी घालून बघत होती. "बादलीबाई," ती म्हणाली, "इस्त्री आज फारच मायाळू झालीय."

सूर्य कलला तशी इस्त्री करायला काही उरलं नाही. टेम्पोवाला शेवटची पेटी उचलायला वाकला, तर पेटीवर थोरली बसलेली.

"काकू, उठा ना."

"अंधार पडू दे."

"का हो?"

"ऋषी मावळायचेत अजून."

टेम्पोवाल्यानं थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी आकाशाकडे पाहिलं. "बस तूही," ते म्हणाले. "मी निम्मं आयुष्य असंच बसून काढलंय."

दिवे लागले. चष्मेवाला गळ्यात दुर्बीण अडकवून धापा टाकत आला. थोरली पेटीवरून उठली, धाकटीचं मनगट धरलं आणि तिला जिन्यानं वर ओढत नेलं. मागून दोघे भाऊ, त्यांच्यामागे चष्मेवाला, आणि आता हे काय आहे ते बघितल्याशिवाय जायचं नाही म्हणून टेम्पोवालाही.

वायव्येला घरांच्या छपरांवर अजून थोडा उजेड रेंगाळला होता. चष्मेवाल्यानं दुर्बीण डोळ्याला लावली. "सहा गेले. शेपटाचा एक शिल्लक आहे. त्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडे."

सगळे टाकीच्या डावीकडे बघू लागले. धाकटीला काहीच कळेना. "अहो भाऊजी," ती थोरल्यांना म्हणाली, "ताईंची तब्येत बरी आहे ना?"

"अजून आहे," चष्मेवाला म्हणाला. "अजून... लुकलुकतोय... चिवट आहे हो हा."

"म्हातारा माणूस, वेळ लागणारच," टेम्पोवाला समजुतीनं म्हणाला.

"टेकला... टेकला... गेला!"

थोरली गर्रकन वळली. धाकटीच्या समोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि काहीच बाहेर येईना. इतक्या महिन्यांचं बोलणं एकदमच दाराशी आलं होतं आणि दारात कोंडी झाली होती. मग ती फुटली.

"निळीची पुडी उघडी कशाला ठेवतेस गं, दमट होते! आणि ते नळाचं पाणी सोडून गप्पा मारत बसतेस, मी बघत नाही होय? आणि मागच्या महिन्यात ताप होता तर ओल्यात उभी कशाला राहिलीस, या माणसाच्या हाती काढा पाठवला तर त्यानं तो स्वतःच पिऊन टाकला असेल..."

"मी थोडासाच..." थोरले म्हणाले.

"...आणि नदीपलीकडे खोली बघतेस! तिथे पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, कपडे करडे पडतील, नाव कुणाचं जाईल? माझं! मी शिकवलंय तुला! कुठ्ठे जायचं नाही. राहा. ऐकलंस? राहा म्हणतेय मी, राहा!"

धाकटी आधी हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग दोन्ही एकदमच. "अहो ताई, पण तुमचा शब्द?"

"शब्द जिथल्या तिथे आहे. ते आकाशात असेपर्यंत, म्हटलं होतं. ते नाहीत. विचार यांना."

चष्मेवाल्यानं प्रमाणपत्र दिल्यासारखी मान डोलावली. पण त्याला गप्प बसवेना. "मध्यरात्रीनंतर ते परत उगवतील हां. तेव्हा पुन्हा बंद. पुढे थंडीत दुपारपासून रात्रीपर्यंत मोकळं. मग येत्या उन्हाळ्यात सकाळची वेळ बोलायची. रोजच काही तास ते मावळलेले असतातच."

थोरल्यांनी सावकाश विचारलं, "रोजच? म्हणजे गेल्या उन्हाळ्यातही?"

"अर्थात. सगळी सकाळ."

थोरल्यांनी कठड्याचा आधार घेतला. "आणि मी जिन्यानं वर-खाली, वर-खाली..."

कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. थोरली आणि धाकटी दोघी एकदमच बोलत होत्या, कुणाचं कोण ऐकतंय याचा पत्ता नव्हता. टेम्पोवाल्यानं "मग सामान उतरवू का?" असं तीनदा विचारलं आणि मग खाली जाऊन स्वतःच उतरवायला लागला.

जेवणं झाली तरी थोरलीचं बोलणं चालूच होतं. मध्यरात्रीपर्यंत मुभा होती आणि ती वाया घालवायची नव्हती. भांडी आवरताना थोरल्यांनी धाकटीला बाजूला घेतलं. "हे बघ, आता तूच तिला जरा गळ घाल. तू मनापासून म्हणालीस तर ऋषींची माफी मागून ती हा शब्द कायमचा सोडेलही. म्हणजे दिवसभर मोकळेपणी बोलता येईल."

धाकटीनं दचकून त्यांचा हात धरला. आतून थोरलीचा आवाज येतच होता, आता कॉलर घासण्याविषयी.

"नको हो भाऊजी," ती कुजबुजली. "नेम फार चांगला आहे. दिवसभर बोलायला लागल्या, तर मला खरंच टेम्पो बोलवावा लागेल."